मीडियम म्हणजे नेमकं किती? दोन रोड बाइकमधून आपल्या मापाची निवडताना

रोड बाइक घ्यायच्या विचारात असलेल्या माणसाशी पाच मिनिटं बोला. गिअर किती, वजन किती, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची की कार्बनची, डिस्क ब्रेक आहेत का, हे सगळं तो घडाघडा सांगेल. मग त्याला विचारा, तुझ्या पायाची आतल्या बाजूने लांबी किती? इथे तो थांबतो. बहुतेकांनी ती कधी मोजलेलीच नसते. आणि सायकल अंगाला नीट बसणार की नाही, हे ठरायला सुरुवात याच आकड्यापासून होते.

आधी एक खुलासा. रायपुरात नुसतं ‘बाइक’ म्हटलं की समोरचा मोटारसायकलच समजतो. इथे रोड बाइक म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, अरुंद टायरची, डांबरी रस्त्यावर लांब अंतर वेगाने कापण्यासाठी बनवलेली सायकल. पहाटे नवा रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर किंवा तेलीबांधा तलावाच्या मरीन ड्राइव्हवर फिरायला गेलात तर हेल्मेट घातलेली, पुढे वाकून सपासप निघून जाणारी मंडळी दिसतील, त्यांच्याखाली असते ती. ही सायकल स्वस्त नसते. त्यातली अगदी साधीसुद्धा मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या हिशोबाला चांगलाच धक्का देते. त्यामुळे ती चुकीच्या मापाची निघाली तर दुखणं फक्त गुडघ्याचं राहत नाही. सहा महिन्यांनी ती बाल्कनीत उभी असते, तिच्या हँडलवर ओले टॉवेल वाळत असतात आणि घरात कोणीतरी रोज त्या पैशांची आठवण काढत असतं.

‘मी काय स्मॉल आहे का?’

घरातलंच उदाहरण घेते, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. माझा आतेभाऊ अडतीस वर्षांचा. ऑफिस नवा रायपूरला, घर शहरात. दोन वर्षं साध्या गिअरच्या सायकलवर सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर मारून झाल्यावर त्याला रोड बाइकचं वेड लागलं. थंडीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची, हे त्याचं ध्येय. ब्रेव्हे ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं असतं, आणि २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे वेगापेक्षा इतका वेळ सीटवर टिकून राहणं हीच खरी परीक्षा.

शोधून शोधून त्याच्याकडे दोन सायकली उरल्या. पहिली शर्यतीच्या धाटणीची, मागच्या वर्षीचं मॉडेल, दुसऱ्या शहरातल्या दुकानात उरलेली एकच, साइझ मीडियम. दुकानदार आठ हजार रुपये कमी करायला तयार होता. दुसरी लांब पल्ल्यासाठीची, चालू वर्षाची, किमतीत एक रुपया सूट नाही आणि त्याच्या मापाची म्हणून जी सांगितली जात होती ती साइझ होती स्मॉल. दादाची उंची १७१ सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट सात इंचांच्या जरा वर. “मी काय स्मॉल आहे का?” हा त्याचा पहिला प्रश्न. पहिल्या सायकलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “भैया, मीडियम सबको आ जाता है.”

हे वाक्य रायपूरच काय, पुणे-नागपूरच्या दुकानांतही ऐकू येईल. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असं नाही. आपल्याकडे सायकलचं माप ही गोष्टच फार बारकाईने कधी बघितली गेली नाही. आजोबांच्या काळातली काळी सायकल बावीस इंची किंवा चोवीस इंची असायची, आणि घरातले सगळे तीच चालवायचे. पोरं सीटपर्यंत पोचत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून चालवत. महाराष्ट्रात याला हाफ पायडल म्हणतात, इथे छत्तीसगडमध्ये कैंची. एक सायकल आणि सहा माणसं, या हिशोबात माप कुणाचं बघणार?

एस, एम, एल आले कुठून

ते बावीस-चोवीस इंच म्हणजे फ्रेमच्या उभ्या नळीची, जिच्यात सीटचा दांडा घुसतो तिची लांबी. रोड बाइकचंही माप पूर्वी याच नळीवर ठरायचं, फक्त सेंटीमीटरमध्ये. ५२, ५४, ५६ असे आकडे तिथूनच आले. वरची दांडी जमिनीला समांतर असायची, त्यामुळे उभी नळी कळली की बाकी फ्रेमचा साधारण अंदाज यायचा. यात कंपन्यांची अडचण अशी, की दर एक-दोन सेंटीमीटरला वेगळी फ्रेम बनवायची आणि साठवायची.

१९९० च्या दशकात ब्रिटिश डिझायनर माइक बरोज यांनी तैवानच्या जायंट कंपनीसाठी टीसीआर नावाची सायकल आखली. (१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने जिच्यावर सुवर्णपदक जिंकलं, त्या लोटस सायकलमागेही हेच बरोज होते.) टीसीआरची वरची दांडी मागे उतरती होती. फ्रेम आटोपशीर, हलकी झाली आणि एक फायदा कंपनीच्या गोदामाला झाला: स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मोजक्याच फ्रेम पुरे. उरलेला फरक सीटचा दांडा लांब-आखूड करून आणि हँडल धरून ठेवणारा तुकडा, म्हणजे स्टेम, बदलून भरून काढायचा. पुढे जवळजवळ सगळ्यांनी उतरती दांडी स्वीकारली.

पण एकदा दांडी उतरती झाली की उभ्या नळीची लांबी माप सांगेनाशी होते. ती कोण किती उतरती ठेवेल याचा नियम नाही. म्हणून आज एका कंपनीची ५४ दुसऱ्या कंपनीच्या ५४ सारखी असेलच असं नाही, आणि एम हे अक्षर तर शर्टाच्या कॉलरवरच्या एमइतकंच भरवशाचं. एका ब्रँडचा मीडियम शर्ट पोटावर ताणतो आणि दुसऱ्याचा झग्यासारखा लोंबतो, तसंच.

त्यामुळे दादाच्या समोरच्या दोन सायकलींवर काय छापलंय हे आम्ही सोडून दिलं. आधी दादालाच मोजलं.

भिंत, पुस्तक आणि टेप

पँटची लांबी इथे चालत नाही, कारण शिंपी आपल्या सोयीने पँट सैल ठेवतो. अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, पायांत वीतभर अंतर ठेवून उभं राहायचं. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कणा वर करून, दोन्ही मांड्यांमध्ये धरायचं आणि सीट जशी खालून टेकते तसं घट्ट वर दाबायचं. एक कडा भिंतीला लागलेली हवी, म्हणजे पुस्तक तिरकं होत नाही. दुसऱ्याने कण्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि जमिनीपासून टेपने मोजायचं. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. लाजून हळू दाबलं तर दोन सेंटीमीटर सहज कमी भरतात.

दादाचे ७९ सेंटीमीटर भरले. आता याला ०.८८३ ने गुणायचं. हा गुणक अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमंड यांच्या नावाने ओळखला जातो. १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीन वेळा त्यांनी टूर द फ्रान्स जिंकली, त्यातली १९८९ ची तर केवळ आठ सेकंदांनी. ७९ गुणिले ०.८८३ म्हणजे सुमारे ६९.८ सेंटीमीटर. दोन्ही पायडल जिथे जोडलेले असतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, उभ्या नळीच्या रेषेत मोजलेली ही उंची. पायडल, बूट, क्रँकची लांबी यांनुसार ती थोडी खालीवर होते, म्हणून ती सुरुवात समजायची.

आता गंमत बघा. १७१ सेंटीमीटर उंचीच्याच दुसऱ्या माणसाचा पाय ८२ सेंटीमीटर भरू शकतो. त्याची सीट ७२.४ वर जाईल, दादापेक्षा अडीच सेंटीमीटरहून जास्त वर. दोघांची उंची एक, पण दादाचं धड लांब आणि पाय आखूड, दुसऱ्याचं उलट. कंपन्यांच्या संकेतस्थळावरचे बरेच तक्ते फक्त उंची विचारतात आणि दोघांना एकच अक्षर देतात. तक्ता खोटा नसतो, पण तो सरासरी माणसासाठी असतो, आणि दोन साइझच्या सीमेवर उभा असलेला माणूस तिथे हमखास लटकतो. दादा तसाच होता.

सीट किती वर, हे तसं सोपं प्रकरण, कारण ती कुठल्याही फ्रेमवर खालीवर करता येते. हँडल किती लांब आणि किती खाली, हे मात्र फ्रेम ठरवते. चुकीची साइझ त्रास देते ती बहुतेक वेळा इथेच.

दोन आकडे, जे शोधायला हवेत

सायकलच्या माहितीपत्रकात मापांचा मोठा तक्ता असतो. त्यात स्टॅक आणि रीच हे दोन शब्द शोधा. पायडलच्या आसाच्या मध्यातून सरळ वर एक रेघ काढली असं समजा. फ्रेमची पुढची छोटी नळी, जिच्यावर हँडल बसतं, तिचं वरचं टोक आसापेक्षा किती उंच आहे तो स्टॅक. तेच टोक त्या उभ्या रेघेपासून किती पुढे आहे ते रीच. स्टॅक जास्त म्हणजे हँडल वर, पाठ जरा ताठ. रीच जास्त म्हणजे हात लांब ताणावे लागणार. उभी नळी कितीही उतरती असो, या दोन आकड्यांवर कुठल्याही दोन कंपन्यांच्या सायकली शेजारी शेजारी ठेवता येतात.

दादाच्या पहिल्या सायकलचा, म्हणजे मीडियमचा, स्टॅक ५४१ मिलिमीटर, रीच ३८४. दुसरीचा, स्मॉलचा, स्टॅक ५६१, रीच ३७१. नीट वाचा: ‘स्मॉल’ सायकलचं हँडल ‘मीडियम’पेक्षा २० मिलिमीटर उंच आहे आणि १३ मिलिमीटर जवळ. बोटाच्या दोन पेरांएवढाही फरक नाही, असं वाटेल. साडेतेरा तास त्याच स्थितीत बसायचं असेल तेव्हा तो मानेला आणि तळहातांना बरोबर कळतो.

दादाने लगेच विचारलं, “मग पहिलीचं हँडल दोन सेंटीमीटर वर घेतलं तर?” प्रश्न रास्त होता. स्टेमखाली कड्या घालून हँडल वर घेता येतं. शिवाय पुढची नळी मागे कललेली असल्याने दर १० मिलिमीटर वर गेलं की हँडल सुमारे ३ मिलिमीटर जवळही येतं. म्हणजे २० वर घेतलं की ६ जवळ आलं, उरले ७. स्टेम १० मिलिमीटर आखूड लावला की हिशोब मिटला. कागदावर दोन्ही सायकली सारख्या होतात!

पण त्या सायकलला कारखान्यातूनच कड्यांचा पूर्ण थर लावलेला होता. त्यावर आणखी वर जायला नळीच उरलेली नव्हती. मग वर उचललेला वेगळा स्टेम लावावा लागला असता. एखादा बदल चालतो. पण नवी सायकल पहिल्याच दिवशी तीन उपाय करून जेमतेम अंगाला येणार असेल, तर ती आपली नाही असं मी तरी म्हणेन. सीमेवरच्या माणसाने सहसा लहान साइझकडे झुकावं, असं जाणकार सांगतात त्यामागेही हेच आहे. लहान फ्रेमवर स्टेम लांब करता येतो, सीट वर घेता येते. मोठी फ्रेम कापता येत नाही. अर्थात ही सूट बेताबेतानेच घ्यावी. फारच लहान फ्रेम घेतली तर सीट हँडलच्या कितीतरी वर जाते आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागण्याची शक्यता वाढते.

त्या आठ हजारांच्या सवलतीबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जास्त खपाच्या साइझ आधी संपतात, आणि मागच्या वर्षीच्या सायकलींत उरतं ते इतरांच्या अंगाला न बसलेलं माप. ते तुमचं असेल तर लॉटरीच लागली. नसेल तर वाचलेले पैसे स्टेम, हँडल आणि डॉक्टर यांच्यात वाटले जातात.

शर्यतीची की लांब पल्ल्याची

आता दुसरा प्रश्न, जातीचा. बहुतेक मोठ्या कंपन्या रोड बाइक दोन धाटणीत बनवतात. शर्यतीची: हँडल खाली आणि लांब, चटकन वळणारी. आणि लांब पल्ल्याची, जिला एन्ड्युरन्स म्हणतात: हँडल जरा वर, चाकांमधलं अंतर थोडं जास्त, टायर रुंद. जायंटकडे टीसीआर आणि डिफाय किंवा कॉन्टेंड, स्पेशलाइज्डकडे टारमॅक आणि रूबे अशा जोड्या आहेत. पहिलं नाव शर्यतीचं, नंतरचं लांब पल्ल्याचं. रूबे हे नाव फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे या जुन्या शर्यतीवरून आलंय, जिचा मार्ग दगडी फरशांवरून जातो. हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यावरही वेगाने जाता यावं, हा या जातीचा मूळ विचार.

दुकानात बरेच जण पहिलीकडेच ओढले जातात, कारण ती दिसते झकास. दुसरी म्हणजे ‘अंकलवाली’, असं एका पोराने माझ्यासमोर म्हटलेलं आहे. जगातल्या सगळ्यात खडतर अंतराच्या शर्यतींकडे पाहिलं तर हा समज टिकत नाही. रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सुमारे ४८०० किलोमीटरची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये आपल्यापासून जेमतेम तीनशे किलोमीटरवरच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीत माणसं पायांनी थकून हरतात असं नाही. कित्येकांची मानच डोकं पेलेनाशी होते. १९८३ मध्ये मायकेल शर्मर या स्पर्धकाला हे झालं, तेव्हापासून या दुखण्याला त्याचंच नाव आहे. हँडल किती खाली, याचा मानेशी थेट संबंध असतो. पाठ जितकी आडवी, तितकी मान वर उचलून रस्ता बघावा लागतो.

रायपूरपुरतं बोलायचं तर माझा कौल लांब पल्ल्याच्या सायकलला आहे, आणि त्याचं मुख्य कारण टायर. जुन्या पद्धतीच्या, रिमला चिमटणाऱ्या ब्रेकच्या शर्यतीच्या फ्रेममध्ये बऱ्याचदा २५, फार तर २८ मिलिमीटरचे टायर मावतात. डिस्क ब्रेकच्या एन्ड्युरन्स फ्रेममध्ये ३२ किंवा त्याहूनही रुंद. नवा रायपूरचे रुंद रस्ते गुळगुळीत आहेत, तिथे २५ चे टायर मजेत धावतात. पण तिथवर पोचायला शहरातून जावं लागतं. पावसाळ्यानंतरचे खड्डे, रंग उडालेले स्पीडब्रेकर, चौकात रवंथ करत बसलेल्या गाई. भिलाईच्या दिशेने जी.ई. रोडला लागलात तर ट्रकची सोबत आणि कडेची खडी. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, हादरे कमी बसतात आणि खड्ड्यात रिमवर आपटून ट्यूब फाटायची भीती कमी होते. फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो, हे खरेदीनंतर बदलता येत नाही. गिअर, सीट, हँडल सगळं पुढे बदलता येईल, ही जागा नाही. म्हणून दुकानदाराला हा आकडा आधी विचारा.

गिअरबद्दल थोडक्यात. शिमानोच्या रोडच्या ओळखीच्या मालिकांमध्ये क्लॅरिसला मागे ८, सोराला ९, टियाग्राला १० चकत्या असतात. आपला मैदानी भाग बघता सुरुवातीला आठसुद्धा पुरतात. चकत्यांची संख्या मोजण्यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते बघा. पुढे ३४ दातांची आणि मागे ३२ दातांची चकती असेल तर पायडलच्या एका फेरीत चाक जेमतेम एकदा फिरतं, चढ सुसह्य होतो. पुढे ३६ आणि मागे २८ असेल तर तेच सव्वापटीहून जास्त. रायपूर ते राजिम हा फरक कळणारही नाही. जगदलपूरच्या वाटेवर कांकेरच्या पुढे केशकाल घाटाची वळणं लागली की कळतो.

वाढत्या अंगाचं, इथे नको

आपल्या घरांमध्ये मुलांचे कपडे, बूट, शाळेचा गणवेश सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत. सायकलही तशीच घेतली जाते. सैल शर्टाची बाही दुमडता येते. मोठ्या सायकलवरचा मुलगा ब्रेकपर्यंत नीट बोटं पोचवू शकत नाही आणि थांबताना पाय टेकवायला सीटवरून घसरतो, कधी वाईट ठिकाणी दांडीवर आदळतो. सायकलवर बसलेला नसताना, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दांडीच्या वर उभा राहिला, तर मध्ये दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा राहिलीच पाहिजे. ती नसेल तर कितीही आवडली तरी नको. आणि बापाची रोड बाइक पुढे पोराला होईल, हा हिशोबही मांडू नये. पोरगं कदाचित त्याच्या डोक्यावरून वाढेल, कदाचित नाही.

बायकांना आणि कमी उंचीच्या पुरुषांना दुकानात सर्रास एक वाक्य ऐकवलं जातं: तुमच्या साइझमध्ये रोड बाइक मिळत नाही, हायब्रिड घ्या. हायब्रिडमध्ये वाईट काही नाही, पण रोड बाइक हवी असेल तर दुकान बदला. अनेक कंपन्या एक्सएसपर्यंत किंवा त्याच्याही खाली साइझ काढतात, फक्त त्या मागवाव्या लागतात. वेगळ्या ‘लेडीज’ फ्रेमची गरज नसते, स्टॅक आणि रीच इथेही तेच काम करतात. खांद्यांच्या रुंदीएवढं हँडल, आपल्या बसण्याच्या हाडांना साजेशी सीट आणि शक्य तर जरा आखूड क्रँक, एवढं बघावं. हात लहान असतील तर ब्रेकच्या मुठीत एक छोटा स्क्रू असतो का ते विचारा. तो फिरवला की ब्रेकची कांडी बोटांच्या जवळ येते. पुष्कळ मुठींमध्ये तो असतो, पण दुकानात आपणहून कोणी सांगत नाही. उतारावर अर्ध्या बोटांनी ब्रेक ओढत आलेल्या कुणालाही विचारा, त्या स्क्रूची किंमत काय.

दुकानात आणि त्यानंतर

चक्कर मारायला मिळाली तर दुकानासमोरच्या दोन फेऱ्या पुरत नाहीत. अर्धा तास मागा. सीट आधी आपल्या आकड्यावर लावून घ्या. नाहीतर तुम्ही मागच्या गिऱ्हाइकाच्या उंचीवर बसून सायकलची परीक्षा घेत असता. हात ब्रेकच्या मुठींवर ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेले हवेत. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि मागून बघणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसता कामा नये. डुलत असेल तर सीट उंच आहे. दुकानदाराने सायकल धरून ठेवली असताना हात मुठींवरून अलगद उचलून बघा. धाडकन पुढे कोसळायला झालं तर तुमचं वजन पाठीऐवजी तळहातांवर चाललंय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं ही त्याचीच पुढची पायरी. तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस दबली की असं होतं.

घेतल्यावर पहिला महिना शरीर काय सांगतं ते ऐका. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर बहुधा वर. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही पाचेक मिलिमीटरने, आणि दोन-तीन दिवस चालवून बघा. दुखणं तरीही हटलं नाही तर यूट्यूब बंद करून डॉक्टरांकडे जा. आणि दुकानातला मेकॅनिक “दिखता अच्छा नहीं है” म्हणत हँडलच्या वर उरलेली नळी कापायला निघाला तर त्याला थांबवा. दोन महिने चालवून हँडलची उंची पक्की होईपर्यंत ती नळी राहू द्या. कापलेली परत जोडता येत नाही. सायकल खोक्यातून घरी आली असेल आणि घरीच जोडली असेल, तर पुढचा काटा उलटा तर बसला नाही ना, हेही बघा. ब्रेक काट्याच्या कुठल्या बाजूला आहे ते कंपनीच्या फोटोशी ताडून पाहिलं की कळतं.

दादाने स्मॉल घेतली. स्टेम आला तोच राहिला, सीट दोनदा मिळून आठ मिलिमीटर खाली आली. फ्रेमवरचं ‘एस’ अक्षर मात्र त्याने पाण्याच्या बाटलीच्या स्टँडमागे झाकून टाकलंय. आता त्याचा बारावीतला मुलगा संध्याकाळी गुपचूप ती घेऊन चक्कर मारतो आणि सीट वर चढवून ठेवतो. म्हणून सीटच्या दांड्यावर दादाने आपल्या मापाला लाल चिकटपट्टीची एक बारीक रेघ मारली आहे. त्याच्या वर, दुसऱ्याच दिवशी, एक निळी रेघ उमटली.